बिनविस्तवाची सिगारेट

बाबा बिडी सोडणार, ही बातमी आमच्या घरी दर दिवाळीला यायची आणि भाऊबीजेपर्यंत शिळी व्हायची. सकाळी उठले की त्यांचा खोकला चालायचा, चार पावलांत दम लागायचा. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की श्वासनळ्या कायमच्या खराब झाल्यात. ओढायला पंप देतो, पण बिडी सुटली नाही तर पंप तरी काय करणार. बाबा मान डोलवायचे. मान डोलवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मोताळ्याकडच्या एका जिनिंग कारखान्यात ते कापसाची प्रत बघायला होते. बीटी बियाणं आल्यापासून कापूस एवढा यायचा की हंगाम उन्हाळ्यापर्यंत लांबायचा, आणि आत कायम तंतू उडत असायचे. कापसाला आगीचं भय, म्हणून आगपेटी गेटवरच्या चौकीदार चाचांच्या डब्यात टाकूनच आत जायचं, निघताना परत घ्यायची. बिडी ओढायची तर गेटबाहेर, चाचांच्या बाकड्यावर. तिथे बसून हे दोघं सरकीच्या भावापासून दिल्लीच्या सरकारपर्यंत सगळ्यांचा निकाल लावायचे.

एका दिवाळीला पुण्याच्या माझ्या भावाने विजेवरची सिगारेट आणली. तेव्हा ती मिळायची, बंदी नंतर आली. पेनासारखी नळी, चार्ज करायची, ओढली की वाफ. "यात जाळ नाही, राख नाही. बिडी आपोआप सुटेल," तो म्हणाला. डॉक्टरांना विचारलंस का, एवढंच मी म्हटलं, तर मलाच अडाणी ठरवलं. पण बिडीचा कट्टा घरात दिसेनासा झाला तेव्हा मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला.

उन्हं तापायला लागली तशी मी साखरखेर्ड्याहून, सासरहून, माहेरी आले आणि बाबांचा डबा घेऊन जिनिंगवर गेले. चाचा बाकड्यावर एकटेच होते.

"बाबा नाही आले बाहेर?"

"नाही बेटी. लय दिवस झाले, बाकड्यावर येतच नाही. सकाळी कोणाच्या तरी गाडीवर बसून आत जाते, सांजच्याले तसाच वापस. सुटली वाटते त्याची. मले करमत नाही, पण चांगलं झालं."

मी खुशीत आत गेले. कापसाच्या गंजीआड बाबा खुर्चीत बसले होते. कापूस चाळायचा, एक झुरका घ्यायचा, परत कापूस. नळीला जाळ नाही म्हणून कोणी हटकत नव्हतं. बिडीसाठी दिवसातून दोन-चारदा बाहेर जाणारा माणूस आता त्या धुळीत बसून दिवसभर ओढत होता.

मला बघताच नळी मुठीत गेली. माझा पारा चढला. "याला सोडणं म्हणायचं का, बाबा? बिडी होती तेव्हा निदान गेटवर चालत तरी जात होता."

ते दम जुळवत होते.

"गेटवर जाणंच होत नाही बाई आता," ते म्हणाले. "अर्ध्यातच थांबा लागते. चाचाले कसं सांगू?"

माझा राग जागच्या जागी विरला आणि नुसती भीती उरली. बिडी सोडवायला आणलेल्या नळीने बाबांचा गेलेला दम आम्हा सगळ्यांपासून लपवला होता.

"डॉक्टरकडे जायचं. रिक्षा आत बोलावते."

"नको. चालतो मी. पाह्यलं त्यानं तं पाहू दे."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते निघाले. एकदा थांबले, मग पुन्हा. आवाराच्या मध्यावर त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि पुढे पाऊल उचलेना. चाचा गेटमधून बघत होते. ते उठले, आणि बाकडं फरफटत आमच्याकडे यायला लागले.

बाबा बाकड्यावर बसले. खिशातली नळी काढून त्यांनी चाचांच्या हातावर ठेवली.

"आगपेट्याच्या डब्यात टाक."

परत कधी नेशील, असं चाचांनी विचारलं नाही. ते नुसते बाबांची पाठ चोळत राहिले.