राजा गेला, पुढं काय?

रशियात क्रांती का झाली हे मला बाबांनी शिकवलं, लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत, रविवारी दुपारी. बाबा गिरणीत विणाई खात्यात होते. तिशी उलटल्यावर युनियनच्या वर्गात अक्षरं गिरवली आणि काही वर्षांनी कम्युनिस्ट पक्षानं त्यांनाच वर्ग घ्यायला सांगितलं. त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे, म्हणून टिपणं नीट उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकतीच मॅट्रिक होऊन परळच्या एका शाळेत शिकवायला लागले होते.

कारणं सांगताना बाबा रंगून जायचे. लढाईवर धाडलेले शेतकरी, त्यांच्या नावावर नसलेली जमीन, आणि पावाच्या रांगांना कंटाळून रस्त्यावर उतरलेल्या कापडगिरणीतल्या बायका. इथं ते थांबत आणि वर्गाला आलेल्या बायकांकडे बघत. "तिथंही सुरुवात गिरणीतल्या बायकांनीच केली," असं म्हणायचे. या कारणांनी वहीची चाळीस पानं भरली होती. परिणाम मात्र अर्ध्या पानात आटोपले होते: कामगारांचं राज्य आलं, पिळवणूक संपली, सगळे शिकले. मीच सुवाच्य अक्षरात ते उतरवलं होतं आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं.

छप्पन सालच्या सुरुवातीला मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि आमचा सगळा भाग पेटला. पोलिसांच्या गोळीबारात आमच्याच मजल्यावरच्या काकींचा धाकटा दीर गेला. तो मोर्च्यात नव्हता, दूध आणायला खाली उतरला होता. काकी साताऱ्याकडच्या, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला. दिराचे दिवस झाल्यावर त्या वर्गाला येऊन बसायला लागल्या. आईनं विचारलं तर म्हणाल्या, "घरात बसवत न्हाई."

त्या कधी बोलायच्या नाहीत. एका रविवारी मात्र बाबा राजाची गादी गेल्याचं सांगून थांबले आणि काकींनी विचारलं, "भाऊ, राजा गेला, ब्येस झालं. पर फुडं काय झालं? गोळी घालनारं शिपाई कुठं गेलं?"

"तेसुद्धा जनतेचे झाले," बाबा म्हणाले.

काकींनी मान हलवली. पटल्याची ती मान नव्हती. त्या दिवसापासून मला वर्गात स्वस्थ बसवेना.

दिवाळीच्या सुमारास हंगेरीच्या बातम्या यायला लागल्या. तिथं कामगारांचंच राज्य होतं, तरी कामगार रस्त्यावर उतरले होते, कारखाने बंद पडले होते, आणि रशियानं रणगाडे घातले होते. बाबा म्हणाले, भांडवलदारांचे पेपर आहेत, खोटं छापतात. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा पेपर आणला, तिसऱ्या दिवशी तिसरा. जेवताना घास हातात तसाच राहायचा. पाळी संपवून आले की चपला न काढता गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. आई वैतागून म्हणायची, "बसा हो जरा. चाळ पाडशात!"

शेवटी एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. वाचून दाखवायला कुणीतरी हवं." आम्ही पक्षाच्या ऑफिसात गेलो. तिथं बाबांना पहिल्यापासून ओळखणारे एक जुने कार्यकर्ते होते. मी बातमी वाचली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"भाऊ, ही वेळ आहे का?" ते म्हणाले. "गुजरातसकट द्विभाषिक राज्य गळ्यात मारलंय. मुंबईसाठी सगळे एकत्र आलेत. आत्ता आपल्यात फूट पाडायची?"

"फूट नाही हो. वर्गात विचारतील. मी काय सांगू?"

"सांगा, शत्रूचा डाव होता."

"होता का?"

त्यांनी समोरची पत्रकं सारखी केली. मला त्यांचा राग आला, पण तेही बरेच दिवस झोपले नसावेत असं त्यांच्या डोळ्यांकडे बघून वाटलं. परतताना बाबा इतके भराभर चालत होते की मला गाठता येईना.

रविवारी खोली भरली होती. बाबांनी बातमी स्वतः अडखळत वाचली, मग म्हणाले, "राज्य कामगारांचं, तर संप कुणाविरुद्ध? मला माहीत नाही. अर्धं पान लिहून मी तुम्हाला फसवलं, असं मला वाटतंय."

वरच्या मजल्यावरचे, गिरणीत माग चालवणारे एक साचेवाले ताडकन उठले. "फितूर झालास की काय?"

"म्हाईत न्हाई म्हनला त्यो," काकी म्हणाल्या. "त्यात फितुरी कसली?"

पण निम्मी खोली रिकामी झाली. पंधरा दिवसांत वर्ग पलीकडच्या चाळीत गेला. तिथं दादरहून एक पदवीधर तरुण शिकवायला यायचा. मी दोनदा जाऊन आले. तो बाबांपेक्षा फार छान बोलायचा पण माझ्या कानात काहीच शिरत नव्हतं. घरी येऊन मी बाबांवरच भडकले. "चारचौघांत कशाला बोललात? आता कोण विचारतं तुम्हाला?"

"काकींनी विचारलं होतं," ते म्हणाले.

पुढची तीन-चार वर्षं बाबांनी संयुक्त महाराष्ट्राचा एकही मोर्चा चुकवला नाही. वर्गणी दिली, पत्रकं वाटली, सत्याग्रहात आठ दिवस तुरुंगात राहून आले. वरचे साचेवाले त्याच कोठडीत होते. आठ दिवसांत ते बाबांशी एक अक्षर बोलले नाहीत, पण दोघं एकाच घोषणेला ओ देत होते. बाबा कुणालाच पुरते सोडू शकले नाहीत, आणि पुरते त्यांच्यातलेही राहिले नाहीत.

मे दिनालाच महाराष्ट्र झाला. शिवाजी पार्कवर लोटलेली गर्दी बघून आई आणि मी परतलो, तेव्हा चाळभर पेढे वाटणं चाललं होतं. बाबा आमच्याबरोबर आले नव्हते. ते गॅलरीत काकींच्या शेजारी उभे होते. काकींनी दिराच्या फोटोला हार घातला होता आणि त्या रडत होत्या.

"आपलं राज्य आलं, भाऊ," त्या म्हणाल्या.

"आलं," बाबा म्हणाले. मग खालच्या गडबडीकडे बघत म्हणाले, "आता राज्य करणाऱ्यांवर लक्ष ठेवायला हवं."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्यांनी दोन वेगवेगळे पेपर आणले आणि काकींना हाक मारली. वाइंडिंगमधल्या आणखी तिघी आल्या. बाबांनी दोन्ही पेपर जमिनीवर शेजारी शेजारी पसरले आणि मला म्हणाले, "वाच. दोन्ही वाच."

मी वाचायला लागले.