डोमाजी टेलरांच्या पोटाचे माप

५ सप्टेंबर १९७९ रोजी रत्नाबाईंनी भंडाऱ्याच्या औषध दुकानात ४३ रुपये ६० पैसे मोजले आणि शहापूरच्या बसमध्ये नवऱ्याला, डोमाजींना, डॉक्टरांचे सगळे सांगणे पुन्हा पहिल्यापासून समजावायला घेतले.

डोमाजी टेलरांच्या पोटात पाणी झाले होते. डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवून पोट बोटांनी वाजवून पाहिले, पिवळे डोळे पाहिले आणि विचारले, "किती पिता?" डोमाजींनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. जुन्या काविळीने लिव्हर आकसले, असे शेवटी निघाले. मीठ बंद, लघवीच्या गोळ्या सुरू, आणि बेंबीवरून पोटाचे माप रोज वहीत लिहायचे. माप वाढले की लगेच यायचे.

"माप मले शिकवते काय तो?" डोमाजी फणफणले. "तीस वर्सं झाले मोजून राहिलो."

"अजी, मी मिठाचं सांगून राहिली."

"ते तू पाह्य."

रत्नाबाईंनी लोणच्याची बरणी पेटीत कुलपात ठेवली. डोमाजी दुकानात भजी मागवू लागले. पकडले तर म्हणत, "भज्यात बेसन असते." वही मात्र रोज भरत होती. चौतीस इंच, चौतीस, साडेतेहतीस.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना मशीनवर वाकता येईना. आडवे झाले की दम लागे. वही म्हणे चौतीस.

"हे पोट चौतीस?" रत्नाबाईंनी त्यांना उभे केले. "मोजा माह्यासमोर."

डोमाजींनी टेप सराईतपणे पोटाखालून, पँट बसते तिथून फिरवली. "हे पाह्य."

"बेंबी तेथं असते काय?"

"कंबर तेथंच मोजतात."

"डॉक्टरनं पँट शिवाले सांगतलं काय तुमाले?"

रत्नाबाईंनी टेप हिसकून बेंबीवर धरली. बेचाळीस भरले.

"ढिली धरली तुनं," डोमाजी म्हणाले. पण आवाज उतरला होता.

बसची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. गावातल्या यादोरावांच्या जीपने दोघे भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोहोचले. डॉक्टरांनी सुई घालून चार लिटर पाणी काढले, गोळ्या वाढवल्या आणि वही चाळली.

"हे आकडे कशाचे?"

"ह्यांच्या पँटचे," रत्नाबाई म्हणाल्या.

"दोन दिवस उशीर झाला असता तर?" डॉक्टर चिडले. डोमाजींनी आडवे होऊन पाहिले. मोकळा श्वास येत होता, तेवढ्यावर त्यांचे भागले होते.

घरी आल्यापासून टेप रत्नाबाईंकडे आहे. पहिल्या सकाळी अडतीस भरले, आठवड्याने सदतीस. डोमाजी रोज एकदा तरी सांगतात की टेप तिरपी गेली.

जीपचे बारा रुपये यादोरावांना द्यायचे राहिले आहेत.