बहिऱ्या जावेसाठी कॅमेरा घ्यायला निघाले

परवा दुपारी जेवणात काय होतं, सांगा बघू. नाही आठवत ना? ताटाचा फोटो मात्र काढला होतात, वरण निवून जाईपर्यंत. तुमची सगळी आठवण मोबाइलमध्ये, आणि मोबाइल कुठं ठेवलाय ते आठवत नाही. म्हणून सांगते ते नीट वाचा. मी बोलतेय, माझी नात सायली लिहून घेतेय. मला अक्षर येत नाही, पण विसरायलाही अजून शिकले नाही.

तर मला कॅमेरा हवा होता. सायली म्हणाली, "अगं आजी, फोन आहे की!" माझा फोन बटणांचा. तिचा हातात घ्यावा, तर नेम धरेपर्यंत कुणीतरी कर्ज घ्या म्हणून फोन करतं. आणि फोटो मला माझ्यासाठी नको होते, आक्कासाठी हवे होते.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. हिंजवडीजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघी एकाच चुलीपाशी म्हाताऱ्या झालो. समोर भाताची खाचरं होती, तिथं आता काचेच्या इमारती आहेत. पुढं तिचा मुलगा बाळू भोरच्या पलीकडं शेती करायला गेला आणि आईला घेऊन गेला. रोज फोनवर बोलायचो. मग आक्काचे कान गेले. यंत्र बसवलं, तर म्हणे त्यात वारा घोंगावतो. काढून फडताळात ठेवलं. चिठ्ठी लिहावी, तर दोघींचाही शाळेशी संबंध शेण सारवण्यापुरता. व्हिडिओवर ती ओरडते, मी ओरडते आणि दोघींना एकमेकींच्या नाकपुड्या तेवढ्या दिसतात. त्यातून बाळूचा फोन दिवसभर बाळूबरोबर शेतात. पण आक्काची नजर अजून घारीची. तिच्या हातात राहील, उशीखाली ठेवता येईल, असा कागदावरचा फोटो हवा होता.

आम्हा दोघींची एक जुनी रीत आहे, ती इथं सांगून ठेवते. सासूबाईंपुढं आम्ही तोंड उघडत नसू, म्हणून भांडी बोलायची. वाटी पालथी ठेवली, की मीठ घालून झालंय, तू घालू नकोस. भाकरीच्या टोपल्यावर लिंबू ठेवलं, की दुपारी विहिरीवर ये, बोलायचंय. पातेल्यावर आडवा डाव ठेवला आणि त्याचा दांडा चुलीकडं असला, तर घर शांत. दांडा दाराकडं असला, तर सासूबाई तापल्यात, सांभाळ. त्या तापल्या की माझं ताट मागं राहायचं. मग आक्का पदराखालून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन यायची. भांड्यांचे फोटो पाठवले तर आक्काशी पुन्हा बोलता येईल, असं माझ्या मनानं घेतलं.

सायलीनं सुट्टी टाकली. सकाळी अवघी दुनिया हिंजवडीत शिरत असते, तेव्हा तुम्ही बाहेर निघा. समोरच्या बाजूला कंपन्यांच्या बसगाड्या मुंगीच्या पावलानं, आणि आमची सिटी बस ऐटीत. खिडकीतून एक चष्मेवाला माझ्याकडं बघत होता. मी हात हलवला. त्यानंही हलवला, बिचारा.

पहिलं दुकान चकचकीत. तिथल्या मुलानं नवा कॅमेरा हातात दिला. बोट लावलं की पडद्यावर अक्षरंच अक्षरं, वारुळातून मुंग्या निघाव्यात तशी. किंमत ऐकून सायलीनंच तो अलगद परत ठेवला. थंडगार पाणी मात्र प्यायले. ते फुकट होतं.

दुसरं दुकान लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या गल्लीत, जुन्या कॅमेऱ्यांचं. मालक स्टुलावर बसून डबा उघडत होते.

"काय हवंय?"

"कॅमेरा बघायचाय," सायली म्हणाली.

"बघायचाय की घ्यायचाय? बघायला संग्रहालय आहे."

"अहो, मुलगी दाखवायला आणतात तेव्हाही आधी बघतातच ना?" मी म्हणाले. ते हसले नाहीत, पण डबा बंद केला. पुण्यात यालाच स्वागत म्हणतात.

त्यांनी आधी रोलचा कॅमेरा दाखवला. काय देखणा! चामड्याचं आवरण, बटण दाबलं की 'खट्ट', जणू कुलूप लागलं. माझा जीव त्यावर बसलाच. मग मालक म्हणाले, "रोल विकत घ्यायचा, संपला की धुवायला द्यायचा, छापायचा. काय आलंय ते तेव्हा कळणार."

"म्हणजे पोरगी दाखवून निरोपाची वाट बघितल्यासारखं."

"आणि हात हलला तर निरोप नकाराचाच. तुमचा हात बघू." मी हात पुढं केला. तो थरथरत होता. हा थरथरतोच, त्याला काय करणार? "आजी, यात अर्धा रोल वाया जाईल. विकला तर मलाच फायदा, पण नका घेऊ."

मग त्यांनी खणातून चपटा, चंदेरी, जुना डिजिटल कॅमेरा काढला. पदरात मावेल एवढा. वर एक गोल चक्री आणि चक्रीवर चित्रं! फूल, डोंगर, पळणारा माणूस, बाईचं तोंड. एक अक्षर नाही की काही नाही.

"हे फूल कशाला?"

"जवळचं टिपायला. फूल, अंगठी, वाटी."

वाटी म्हटल्यावर मी सायलीकडं बघितलं. मालकांच्या डब्याचं झाकण घेतलं, पालथं ठेवलं, फुलावर चक्री फिरवली आणि बटण दाबलं. लखकन उजेड पडला आणि पडद्यावर झाकणाऐवजी नुसता पांढरा गोळा. स्टीलच्या भांड्याला कॅमेऱ्याची वीज सोसत नाही. मालकांनी विजेचं चित्र दाखवलं, ते दाबलं की त्यावर काट पडते. "कोपर टेकवा. श्वास सोडा. मग दाबा." चुलीवरून उतू जाणारं दूध उतरवताना आपण करतो तसंच. झाकणावरचा पोचासुद्धा दिसला.

तुम्ही जुना कॅमेरा घेणार असाल, तर सायलीनं काय काय तपासलं ते ऐका. भिंग बाहेर येताना आणि आत जाताना करकरतं का? पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यावर डाग दिसतात का? त्याची बॅटरी आणि कार्ड अजून बाजारात मिळतं का? आणि एक माझ्याकडून: तुमच्या बोटांना चक्री फिरवता येते का? माझं सगळं जुळलं. चार हजारांच्या आत काम झालं. घासाघीस केली, ते मालकांना आवडलं नाही. पण न केली असती तर त्याहूनही कमी आवडलं असतं.

तिथून चालत मंडईत. रोजचे फोटो शिकायचे तर मंडईसारखी शाळा नाही. छपराखालचा मऊ उजेड, ना ऊन ना अंधार. मी लिंबांच्या ढिगापुढं कोपर टेकवलं. भाजीवाली म्हणाली, "आजी, फोटोचं वजन करू का लिंबांचं?"

"दोन्हीचं कर. फोटोवर कोथिंबीर फुकट दे."

"घ्या! फोटो काढायचा तुम्ही आणि कोथिंबीर द्यायची मी?" पण दिली. तिचाही फोटो काढला. बाईच्या तोंडाच्या खुणेवर, हसताना.

घरी येऊन स्वयंपाकघरात बसले. सून वंदना आमटी करत होती. आक्काला कळवायचं होतं, की घर शांत आहे, मी बरी आहे. पातेल्यावर डाव आडवा ठेवला, दांडा गॅसकडं. फुलाच्या खुणेवर अगदी जवळून टिपला. दुसऱ्या दिवशी सायलीनं फोटो छापून आणले. कागद बिनचकाकीचा घ्या, चकचकीत कागदावर बोटं उठतात. बाळू आईची औषधं न्यायला पुण्यात येतो. त्याला स्वारगेटवर गाठलं, एसटीत बसायच्या आधी पाकीट हातात दिलं. "आईलाच दे, तू मध्ये अर्थ लावू नकोस," असं बजावलं.

पुढच्या खेपेला बाळू स्वारगेटवरून परत न जाता थेट आमच्या दारात उभा. खांद्यावर गाठोडं, चेहरा पडलेला.

"काकू, खरं सांगा. तुमाला घरात जेवायला घालत्यात ना?"

वंदनाची पोळी तव्यावर तशीच राहिली.

"आईनं फोटो बघितला आन् ताटावरून उठली. म्हणती, धाकटी उपाशी हाय. काय समजावू तिला? ऐकू तर येत नाय."

माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. दांडा गॅसकडं होता खरा, पण इतक्या जवळून टिपला, की फोटोत ना गॅस, ना दार! कागद हातात फिरवला की दांडा हवा तिकडं वळतो. चुलीपाशी बसून बोलायची आमची भाषा. कागदावर चूल पोचलीच नव्हती. आणि दोन अर्थ निघत असले, की म्हातारं मन वाईट तोच धरतं.

"आई, तुम्ही माझी बदनामी पार भोरपर्यंत नेलीत," वंदना म्हणाली. आधी रागानं, मग हसू फुटून.

गाठोडं सोडलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात भाकऱ्या, त्यांच्या खाली शेंगदाण्याची चटणी. वर काही दिसू नये म्हणून चहूबाजूंनी फडकं दुमडलेलं. सासूबाईंना जाऊन किती पावसाळे झाले, आणि आक्का अजून त्यांच्यापासून चटणी लपवतेय. मी तिथंच जमिनीवर बसून खाल्ली. वंदनानं शेजारी येऊन अर्धी भाकरी मोडून घेतली. बाळूला गरम पोळी वाढली, तेव्हा कुठं त्याला पटलं.

मग नवा फोटो काढला. या वेळी डोंगराच्या खुणेवर, लांबून. गॅस दिसतोय, दार दिसतंय, डावाचा दांडा गॅसकडं. खाली माझे पाय, जोडवी घातलेले, म्हणजे कागद कुठून धरायचा ते कळेल. शेजारी वंदना, माझ्या ताटात वाढताना. तिनं तीनदा पदर नीट केला. बाळू थांबला, सायलीनं पळत जाऊन छापून आणला.

परवा बाळू आला तेव्हा नुसती पिशवी होती. आत एकच लिंबू. गाठोडं नाही, भाकरी नाही. मी ते लिंबू कॅमेऱ्याशेजारी फडताळावर ठेवलंय. सायलीला म्हटलं, भोरच्या एसटीचं बघून ठेव. आक्काच्या विहिरीचे फोटो मला स्वतःच्या हातानं काढायचेत. रोज हातात घेते म्हणून कॅमेरा आता सवयीचा झालाय. हात थरथरतोच, पण कोपर टेकायला जागा सगळीकडं असते.

बाळू, हे तू वाचणार, मला ठाऊक आहे. आईला खुणेनं सांग, मी येतेय. आणि हेही सांग, की घर शांत असलं म्हणून चटणी बंद करायचं काही कारण नाही. लसूण जास्त, खलबत्त्यात कुटलेली, जुन्या फडक्यातच बांधून पाठव. मिक्सरची पाठवलीस, तर डावाचा दांडा दाराकडं करून फोटो धाडीन.