फवारणीवाले काका

गडावर येणाऱ्या पर्यटकांना आम्ही पाचाडचं आमचं घर भाड्याने देतो. तिथं दर महिन्याला महाडहून पेस्ट कंट्रोलवाले एक काका यायचे. दार उघडं असलं तरी आधी कडी वाजवायचे, मगच पाठीवरचा पंप सावरत आत शिरायचे.

एकदा ओट्याखाली मुंग्यांची रांग बघून मी वैतागलो. ते हसले.

"अवो, माणसं जेवतात तिथंच मुंग्या येतात. आमचं वाडीतलं घर बंद हाय, सगळी मुंबईला. तिथं मुंगीसुद्धा फिरकत नाय."

मग वाकून त्यांनी ओट्याखाली नळी धरली.

या महिन्यात फवारणीला दुसराच माणूस आला. मी काकांची चौकशी केली.

"ते वाडीवर गेले. घर उघडलंय त्यांनी."

"सोबत कोण?"

"कोण नाय. पण वाटेनं जाणाऱ्याला जेवल्याबिगर सोडत नाय."