बाण काढणाऱ्यांचं ऑफिस

ज्या ऑफिसात बोलायला बंदी असते, तिथलेच किस्से सगळ्यात जास्त साठतात, हा माझा अनुभव आहे. तळेगाव स्टेशनजवळ हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथे आम्ही चौघं कॉम्प्युटरला वाक्यं शिकवतो. वाक्यातला कुठला शब्द कुणावर अवलंबून आहे, ते बाण काढून दाखवायचं. सगळे शब्द शेवटी ज्याला लटकतात, बहुतेकदा क्रियापदच, त्याला आम्ही खुंटी म्हणतो. एकच वाक्य दोघांनी वेगवेगळं सोडवायचं, म्हणून आपसात चर्चा नाही! भांडायला गुरुवार राखीव.

*

परंदवडीच्या आत्याला हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. ती शेंगा फोडत ऐकत होती.

"म्हंजी कोन कुनाच्या घरचं, ते बगायचं?"

"हो, तसंच काहीसं."

"आन् त्याला कॉम्प्युटर कशाला? लग्नाच्या मांडवात आमी जलमभर त्येच केलं की!"

आमच्या सरांनी याच विषयात पीएच.डी. केली आहे. त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

*

खंडाळ्याचे दत्ताभाऊ रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले आणि घरी करमेना म्हणून आमच्याकडे आले. सर त्यांना सांगत होते, इंग्रजीत क्रियापद पुढे, मराठीत शेवटी.

"कळलं. त्यांची गाडी सपाटीवरची, एंजिन पुढं. आपली घाट चढनारी, मागनं ढकलायची."

"आणि अरबीत बऱ्याचदा पहिला शब्दच क्रियापद असतो."

भाऊ हळहळले. "लय वाईट! आपल्याकडं शेवटपातुर माघार घेता येती. परवा बायकोला म्हनलं, 'उद्या तुज्या भावाच्या वास्तुशांतीला मी...' तिचे डोळे बगितले आन् म्हनलं, '...सकाळीच निघतो!'"

*

एका गुरुवारी माझी आणि भाऊंची एकाच वाक्यावर दीड तास जुंपली. 'तिनं रडणाऱ्या मुलाला आणि बापाला घरी नेलं.' बाप रडत होता की नव्हता? माझा बाण म्हणे नाही.

"ताई, पोरगं रडतंय म्हटल्यावर बाप कोरडा ऱ्हाईल व्हय?"

सर हसले, मी हसले. शबाना उठून बाहेर गेली. ती आमच्यात सगळ्यात लहान, एरवी सगळ्यात मोठ्यानं हसणारी. तेव्हा कुठे आम्हाला कळलं, की चार महिन्यांपूर्वी तिच्या अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला होता. इतके दिवस एका खोलीत बसून आम्ही तिला विचारलंसुद्धा नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

*

अब्बांनी लोणावळ्यात तीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवली. स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. शबानानं 'मी चालवू?' म्हणून दोनदा विचारून पाहिलं, दोन्हीदा त्यांनी हसण्यावारी नेलं. आता उजवा हात गेलेला. शब्द यायचे, पण सुटे सुटे, क्रियापद एकही नाही. रोज दुपारी तेच, "शबाना... गाडी... चावी." कळलं नाही की रडायचे. ते गाडी काढतील या भीतीनं तिनं चावी पिठाच्या डब्यात लपवली होती.

पुढच्या गुरुवारी तिनं ते तीन शब्द फळ्यावर लिहिले. "खुंटी शोधून द्या," म्हणाली.

भाऊ म्हणाले, त्यांना गाडी चालवायची आहे. सर म्हणाले, विकायची आहे. मी म्हटलं, त्यांना घाटात फिरवून आणायला हवंय. तिघांचं जुळेना.

"सर, मला मतं नकोत," शबाना म्हणाली. "माझ्या बापाला काय म्हणायचंय, तेवढंच कळू दे."

रविवारी आम्ही सगळे लोणावळ्याला तिच्या घरी गेलो. एकेकानं आपापलं वाक्य सावकाश म्हणून दाखवलं. अब्बांनी तिन्हींना मान हलवली. नाही, नाही, नाही! डोळे भरून आले त्यांचे.

"अगं, चावी तर दे त्यांच्या हातात," भाऊ म्हणाले. "आमी हाये की हितं."

शबानानं डब्यातून चावी काढली, ओढणीला पुसली आणि दिली. अब्बांनी ती डाव्या हातात घेतली. मग तिचाच तळवा ओढून त्यावर ठेवली, तिची बोटं एकेक करून मिटवली. ओठ बराच वेळ नुसतेच हलत राहिले.

"शिक," अब्बा म्हणाले.