अक्काबरोबर मिरजेला

फेब्रुवारीतल्या एका सकाळी साताऱ्याहून निघालो तेव्हा पिशवीत बायकोनं शिवून दिलेले पुढून बटणांचे तीन सैल ब्लाउज होते. तासगावला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. पुढची इंजेक्शनं घ्यायला ती तयार नाही, येऊन समजाव, असं दाजींचं पत्र आलं होतं.

मलकापूरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. कंडक्टर आणि ड्रायव्हर चाक बदलेपर्यंत आम्ही उतारू रस्त्याकडेच्या टपरीवर चहा पीत उभे राहिलो. शेजारच्या फेटेवाल्यानं विचारलं, “कुठं चाललाय गुरुजी?”

“तासगावला. बेदाणे आणायला,” मी म्हणालो. बहिणीला काय झालंय ते तोंडातून निघेना.

तासगाव जवळ आलं तशा द्राक्षबागा लागल्या. मधूनमधून बेदाण्याची शेड, आत जाळ्यांवर एकावर एक सात-आठ थर हिरव्या-पिवळ्या घडांचे. हवेत गोडसर आंबूस वास. स्टँडवर दाजी आले होते. त्यांनी पिशवी घेतली आणि हळूच सांगितलं, “उद्या रहिमतपूरचे पाव्हणे आमच्या पोरीला, सुनीला, बघायला येनार हायत. कुणी इचारलं तर अक्काच्या हाताला लागलंय म्हणा.”

घरात शिरलो तर अक्का सुपात बेदाणे निवडत बसली होती. उजव्या हातानं. डावा मांडीवर. पदर कपाळापर्यंत ओढलेला. डाव्या हातानं जड उचलायचं नाही म्हणून पाण्याच्या घागरी जाऊन छोट्या कळशा आल्या होत्या. फळीवरचे डबे खाली जमिनीवर मांडले होते. भाकऱ्या दाजी थापत होते. एक भाकरी काठाशी फाटली तेव्हा आत्याबाई (अक्काच्या सासूबाई) म्हणाल्या, “राहू दे रं, पोटात गेल्यावर कोन बघतंय?” भाकरी, खर्डा आणि घरचं दही. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी अक्काला विचारलं, “इंजेक्शनला जात का नाहीस?”

“मिरजेच्या गाडीत बसलं की समदी इचारत्यात, दर खेपंला मिरजेला कशाला? किती खोटं बोलू? त्यापरीस नकोच.”

मी तिची समजूत घालायला आलो होतो. पण टपरीवर मीही तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलगा शांत, नीटनेटका. सुनीताला तो आवडला हे तिच्या मान खाली घालण्यातच दिसलं. पोहे झाले. मुलाच्या आत्यानं सहज विचारलं, “हाताला काय झालंय हो तुमच्या?”

“मोरीत घसरून...” दाजींनी सुरुवात केली.

“न्हाई,” अक्का म्हणाली. “मला छातीचा कॅन्सर झालाय. एक बाजू काढली. इंजेक्शनं चालू हायत.”

बोलणी तिथंच थांबली. चहा घेऊन, पत्र पाठवतो म्हणून, पाहुणे उठले.

दार लागताच दाजी ओरडले, “पोरीचं वाटोळं केलंस!”

सुनीता रडत होती. रडत रडतच म्हणाली, “आबा, लग्नानंतर त्यास्नी कळलं असतं तर मी कुठं गेली असती?”

दाजी खाली बसले. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, “सकाळची मिरजेची गाडी किती वाजता हाय?”

सकाळी अक्का, दाजी, आत्याबाई आणि मी असे चौघं निघालो. उंबऱ्याबाहेर शेजारच्या शांताबाईंनी नेहमीप्रमाणे कुठं निघालात म्हणून विचारलं. आत्याबाई थांबल्या. “सुनंला कॅन्सर झालाय. इंजेक्शनला चाललोय.” शांताबाईंचा हात स्वतःच्या तोंडावर गेला. मग त्या जवळ येऊन अक्काला म्हणाल्या, “माझ्या धाकट्या जावंला छातीत गाठ लागतीया. मालनला. लाजंनं दाखवत न्हाई. तुमी बोलशीला तिच्याशी?”

“आल्यावर तिला माझ्याकडं लावून द्या,” अक्का म्हणाली.

सांगलीवरून मिरजेला पोचलो. इस्पितळाच्या व्हरांड्यात तीन तास गेले. परतीच्या गाडीत अक्काला उलट्या सुरू झाल्या. दाजींनी खिडकीची जागा तिला दिली, एका हातानं पिशवी धरली, दुसरा तिच्या पाठीवर. पदर घसरून डोक्यावरचे विरळ केस उघडे पडले. सगळी गाडी बघत होती. तिनं पदर सावरला नाही, दाजींनीही सावर म्हटलं नाही.

साताऱ्याला परतल्यावर पंधरा दिवसांनी अक्काचं पत्र आलं. रहिमतपूरहून नकार आला होता. सुनी दोन दिवस नीट जेवली नव्हती, दाजी अजून घुश्शात होते. पण पुढचं इंजेक्शन झालं होतं. खाली लिहिलं होतं : ‘मालनला घेऊन गेले होते. गाठ वाईट निघाली, पण लवकर सापडली असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या दिवशी मी तिच्याजवळ बसणार आहे.’

खरं बोलण्यानं अक्काच्या घरातलं जुळू पाहणारं लग्न मोडलं आणि शेजारच्या घरातली एक बाई वेळेत दवाखान्यात पोचली. यातलं काय कशाच्या बदल्यात, हे मला ठरवता येत नाही. पत्र घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हणालो, “जरा बस. तुला एक विचारायचंय, आणि लाजायचं नाही.”