भरलेली घेतली, भरलेली दिली

गाडीचं तोंड शेजारच्या पालिकेच्या हद्दीत होतं आणि शेपूट आमच्या. शनिवार, संध्याकाळचे सहा. दोन सॅनिटरी इन्स्पेक्टर समोरासमोर उभे, दोघांच्या हातात पेन, आणि ताबा पावतीवर सही कुणीच करेना. बाजूला सुमन खानावळवाली कमरेवर हात ठेवून. तिच्या स्वयंपाकघराच्या दारातलं गटाराचं चेंबर नऊ दिवस वाहत होतं.

"ताई," सुमन मला म्हणाली, "सोमवारी कंपनीचा माणूस किचन बघायला येणार. हे पाणी दिसलं तर त्यांच्या आनंदनगरच्या कारखान्याचे चाळीस डबे गेले माझे. मग ही गाडी ठेवा तुमच्या शोकेसमध्ये."

आता ही गाडी काय, ते आधी सांगते.

मी आता निवृत्त आहे. मालक गेल्यावर अनुकंपावर शिपाई म्हणून लागले, आवक-जावकच्या टेबलाशेजारी बसून बसून टायपिंग शिकले, आणि शेवटी स्वच्छता विभागाची हेडक्लार्क झाले. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. जुन्या फायली वाचून जे कळलं, तेवढंच माझं शिक्षण.

तेव्हा सरकारनं एक निधी काढला होता. म्हणणं असं, की शेजारशेजारच्या पालिकांनी सगळं वेगवेगळं कशाला घ्यायचं? सेवा नव्यानं आखा, आपसात वाटून घ्या, पैसे आम्ही देतो. मला तर पटलं. लहानपणी कुळगावात आमच्या आळीत शेवयांचं एकच यंत्र चार घरांत फिरायचं. कुणाच्या शेवया राहिल्या नाहीत.

तर त्या निधीतून आम्हां दोन पालिकांना मिळून एक सक्शन-जेटिंग गाडी आली. दोन्हींची नावं घेत नाही, दोन्हीकडे माझे पाहुणे आहेत. या गाडीला दोन पोटं असतात. एकात स्वच्छ पाणी, ते जोरात मारून तुंबलेली लाइन फोडायची. दुसऱ्यात गटारातला गाळ ओढून घ्यायचा आणि मलप्रक्रिया केंद्रावर, म्हणजे आमच्या बोलण्यात प्लँटवर, रिकामा करायचा. तीन दिवस ती आमच्याकडे, तीन दिवस त्यांच्याकडे, रविवारी सुट्टी. ताबा द्यायचा-घ्यायचा तो हद्दीवर, बरोबर सुमनच्या खानावळीसमोर. कारण दुसऱ्याच्या ऑफिसात गाडी पोचवायला जाणं दोघांनाही कमीपणाचं वाटायचं. उद्घाटनही तिथंच झालं. दोन्ही अध्यक्ष आपापल्या हद्दीत उभे राहून एकच रिबीन कापत होते.

आता तीन दिवस काम केलं असतं तर सुमनचं चेंबर कधीच साफ झालं असतं. पण तक्रार आली की आमचे इन्स्पेक्टर गायकर म्हणायचे, गाडी भरलेली आहे. तिकडचे सोनवणे पण तेच म्हणायचे. मी म्हटलं, दोघांची एकाच वेळी कशी भरलेली असते? म्हणून त्या शनिवारी, गाडी आमच्याकडून त्यांच्याकडे जायची होती तेव्हा, मी स्वतः तिथे जाऊन प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. माझ्यादेखत भरलेल्या टाकीच्या पावतीवर सही करायला दोघंही धजेनात.

"गायकर, टाकी का नाही रिकामी केली?"

"कलम सात, बाई."

"कसलं कलम?"

त्यांनी करारनाम्याची झेरॉक्स काढली. कलम सात : ज्या स्थितीत घेतले, त्याच स्थितीत परत करावे.

झालं होतं असं. सुरुवातीला एकदा सोनवण्यांची गाडी उशिरा आली. प्लँट पाचला बंद होतो, ताबा सहाला. म्हणून टाकी भरलेलीच आली. गायकरांनी पावतीवर लिहिलं, 'टाकी भरलेली', आणि घेतली. मग परत करायच्या दिवशी त्यांना ऑडिटची भीती. भरलेली घेतली तर भरलेलीच द्यायला पाहिजे. रिकामी करून ठेवलेली गाडी भरण्यासाठी माणसं दुपारभर तुंबलेली गटारं शोधत फिरली. सोनवण्यांनी ती भरलेली घेतली, भरलेली दिली. दोन-चार खेपा गेल्यावर दोघांनाही कळलं, की रिकामी केलीच नाही तर पुन्हा भरायची कटकट नाही.

"म्हणजे तोच गाळ?" मी विचारलं.

ड्रायव्हर सलीमभाई खिडकीतून म्हणाला, "वोही है मॅडम. तीन हफ्ते से घुमा रहा हूं. अब तो पहचान हो गयी."

मला हसू येत होतं, पण समोर सुमन होती. आणि सोनवणे हळूच म्हणाले, "मॅडम, हे कलम घातलं कुणी, ते पण बघा की."

शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात माझीच बारीक सही.

खरं सांगते. साहेबांनी संध्याकाळी सांगितलं होतं, बाई, करारनामा उद्या सकाळी टेबलावर पाहिजे. मी समाजमंदिर भाड्यानं देण्याचा जुना मसुदा काढला आणि 'सभागृह' खोडून 'वाहन' लिहिलं. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं. कलम अकरा बघितलं तर तेही तसंच राहिलेलं : वाहनात मांसाहारी स्वयंपाक करू नये.

करार बदलायचा तर दोन्हीकडे ठराव, म्हणजे दोन-तीन महिने. सुमनकडे एक रविवार होता. मी पावत्यांची फाइल मागवली आणि वरच्या ताज्या पावतीपासून नाही, तळापासून वाचायला घेतली. पहिली पावती उद्घाटनाच्या दिवसाची. 'वाहन नवीन, टाकी रिकामी, बॉनेटवर हार.'

"गायकर, पहिल्यांदा घेतली ती स्थिती कुठली? रिकामी. मग परत पण रिकामीच करायची. सोनवणे, तुमचंही तेच."

सोनवणे म्हणाले, "मग हार पण घालावा लागेल का?"

"तुमच्या हौसेवर आहे," मी म्हटलं. "आधी टाकी रिकामी करा."

प्लँटला फोन लावला. तिकडचा ऑपरेटर म्हणाला, गेट बंद झालं, आता सोमवारी. सुमननं माझ्या हातातून फोन घेतला.

"दादा, सुमन बोलते. सोमवारी डबा पाहिजे ना? मग गेट उघड. चूल बंद पडली तर तुझाही डबा गेला."

मला माहीतच नव्हतं की तो तिचं गिऱ्हाईक. गेट उघडलं. तासाभरात गाडी रिकामी होऊन आली. मग पाण्याचा जोर मारला, तरी लाइन फुटेना. सलीमभाईनं लांब आकडा टाकून ओढलं, तर बाहेर काय यावं? नारळाच्या शेंड्या, दोन हार, रिबीन, आणि गुंडाळी करून कोंबलेला उद्घाटनाचा फ्लेक्स. पाणी मारल्यावर दोन्ही अध्यक्ष हात जोडून स्पष्ट दिसले. उल्हासनगरच्या सिंधी शेठकडून छापून आणलेला पक्का माल, गटारात राहूनही रंग हलला नव्हता. कार्यक्रमानंतरचा कचरा नेमका त्या चेंबरमध्ये कुणी ढकलला, यावर गायकर आणि सोनवणे अजून एकमेकांकडे बघतात.

सोमवारी कंपनीचा माणूस आला, किचन बघितलं, दोन पोळ्या खाऊन गेला. डबे राहिले. अडीच महिन्यांनी ठराव होऊन कलम सात बदललं : टाकी रिकामी करून, धुऊन परत करावी.

आमच्या आळीत शेवयांचं यंत्र परत देताना पुसून द्यायचं, हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. सरकारी कामात लिहावं लागतं, आणि लिहिताना जुना कागद वापरू नये, एवढं मी शिकले. कलम अकरा बदलायचं मात्र राहूनच गेलं. सलीमभाई अजून अंडाभुर्जी गाडीतून खाली उतरून खातो.